इन्सास: तीन भावंडांचा आराखडा आणि एकट्या रायफलचा प्रवास

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय पायदळाच्या एखाद्या पलटणीचं 'कोत', म्हणजे शस्त्रागार, उघडून पाहिलं असतं तर तीन वेगळ्या घराण्यांची शस्त्रं शेजारी शेजारी उभी दिसली असती. बहुतेक जवानांची ७.६२ मिमीची एसएलआर १ए१, म्हणजे एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरून घेणारी रायफल. ही मूळ बेल्जियमच्या एफएन फालची आवृत्ती, बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारी. सेक्शनची, म्हणजे जवानांच्या छोट्या तुकडीची, एलएमजी (हलकी मशिनगन) म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली ब्रेन, ७.६२ च्या काडतुसासाठी बदलून घेतलेली. जवळच्या माऱ्यासाठी स्टर्लिंग जातीची ९ मिमी कार्बाइन, म्हणजे आखूड बंदूक. शिवाय मागच्या फळीतल्या आणि पोलिसांच्या कोतात .३०३ ची ली-एनफिल्ड होतीच.

या शस्त्रांच्या पोटातली यंत्रणा एकमेकांशी जुळत नव्हती. एकीचा बोल्ट, म्हणजे गोळीमागचं कुलूप, दुसरीत बसत नाही, एकीवर शिकलेला हात दुसरीवर अडखळतो, आणि सुट्या भागांची यादी शस्त्रं सांभाळणाऱ्या आरमोररला वेगवेगळी ठेवावी लागते. याच अडचणीतून पुढचं प्रकरण सुरू झालं. पुण्यात पाषाणला डीआरडीओची, म्हणजे सरकारी संरक्षण-संशोधन संघटनेची, एआरडीई ही संस्था आहे. तोफा, दारूगोळा आणि हातशस्त्रं यांचं संशोधन करणारी, १९५८ पासूनची. तिच्याकडे काम आलं ते एका रायफलीचं नव्हतं. एकाच काडतुसावर चालणारी, शक्य तितके भाग सामाईक असणारी तीन शस्त्रं हवी होती: रायफल, एलएमजी आणि कार्बाइन. नावातच ते आहे: इंडियन स्मॉल आर्म्स सिस्टिम, इन्सास. त्यातला 'सिस्टिम' हा शब्द पुढे सगळेच विसरले आणि इन्सास म्हणजे फक्त रायफल असा अर्थ रूढ झाला. मला हे प्रकरण अभ्यासावंसं वाटलं ते या विसरलेल्या शब्दामुळे.

काडतूस आधी, बंदूक नंतर

रायफल काडतुसाभोवती आखली जाते. ७.६२×५१ चं (पहिला आकडा गोळीच्या व्यासाचा, दुसरा पुंगळीच्या लांबीचा, मिलिमीटरमध्ये) एक काडतूस साधारण २४ ग्रॅमचं, तर ५.५६×४५ चं साधारण १२ ग्रॅमचं. म्हणजे तेवढ्याच वजनात जवान दुप्पट गोळ्या घेऊन चालतो. धक्का कमी बसतो, त्यामुळे दुसरी गोळी लवकर आणि नेमकी सुटते. सोव्हिएत संघ १९७४ मध्ये एके-७४ बरोबर ५.४५ मिमीकडे वळला होता. नाटोने १९८० मध्ये ५.५६ ची एसएस १०९ गोळी प्रमाण मानली. भारताने ५.५६ निवडलं तेव्हा जगातल्या बहुतेक मोठ्या सैन्यांचा कल तसाच होता.

त्या काळी 'कुटुंब' ही कल्पनाही हवेत होती. ऑस्ट्रियाच्या स्टायर ऑगमध्ये बॅरल बदललं की तीच बंदूक कार्बाइन किंवा हलकी मशिनगन होत होती. सोव्हिएतांनी एके-७४ ला आरपीके-७४ या हलक्या मशिनगनची जोड दिली होती. ब्रिटनमध्ये एसए-८० चं काम सुरू होतं, त्यातही रायफल आणि सेक्शनची मशिनगन एकाच साच्याच्या. कोत सांभाळणाऱ्याच्या आणि हिशेब ठेवणाऱ्याच्या नजरेने ही कल्पना अतिशय शहाणपणाची आहे. भौतिकशास्त्राच्या नजरेने ती तितकी सोपी नाही, पण त्याकडे पुढे येतो.

कोणाचं काय घेतलं

इन्सास रायफल उघडून समोर ठेवली की तिचा वंशवृक्ष वाचता येतो. आतला गाभा कलाश्निकोव्हचा. बॅरलमधून सुटणाऱ्या गोळीमागच्या वायूचा थोडा भाग वर नळीत येतो, पिस्टनला मागे ढकलतो, आणि पिस्टनशी जोडलेला बोल्ट-वाहक थेट मागे जातो. वाहक आपल्या खाचेमुळे बोल्टला फिरवून कुलूप उघडतो, रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो, आणि परत येताना मॅगझिनमधली, म्हणजे गोळ्यांच्या पेटीतली, नवी गोळी चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, सारतो. पिस्टन आणि वाहक एकत्र संपूर्ण अंतर मागे जातात म्हणून याला लाँग-स्ट्रोक म्हणतात. हलणारं वस्तुमान जास्त, त्यामुळे धूळ-काजळी रेटून पुढे जाण्याची ताकद जास्त. बदल्यात बंदूक हातात जास्त हादरते.

त्यावर एसएलआरची आठवण म्हणून गॅस रेग्युलेटर आला. किती वायू पिस्टनवर जाऊ द्यायचा हे त्यावर ठरतं, आणि रायफल-ग्रेनेड सोडताना वायू पूर्ण बंदही करता येतो. कॉकिंगची मूठ डावीकडे घेतली, तिची जागा जर्मन एचके-३३ सारखी. म्हणजे उजवा हात पिस्तूल-ग्रिपवरच राहतो आणि डाव्या हाताने बंदूक भरता येते. एसएलआरवर वर्षानुवर्षं घोटलेली सवय मोडावी लागत नाही. फोअरएंड (पुढचा हात धरायचा भाग) आणि बट (खांद्याला टेकवायचा दस्ता) यांची ठेवण इस्रायलच्या गलिलसारखी. आत किती गोळ्या उरल्या ते बाहेरून दिसावं म्हणून मॅगझिन ऑगच्या धर्तीवर अर्धपारदर्शक प्लास्टिकचं, रायफलीसाठी २० गोळ्यांचं आणि एलएमजीसाठी ३० चं. बॅरलच्या आतल्या बाजूला क्रोमचा मुलामा, म्हणजे ओलसर हवेत गंज कमी आणि झीज कमी. समुद्रकिनाऱ्यापासून हिमनदीपर्यंत पसरलेल्या सैन्यासाठी हा निर्णय अगदी योग्य होता.

या उसनवारीची अनेकदा चेष्टा झाली आहे. मला ती पटत नाही. गलिल स्वतः फिनलंडच्या कलाश्निकोव्ह आवृत्तीवरून आली, एसए-८० च्या पोटात अमेरिकन एआर-१८ आहे, आणि एआर-१८ चा आदर्श कितीतरी पुढच्या रायफलींनी घेतला. हातशस्त्रांच्या आराखड्यात कोरी पाटी कुणाकडेच नसते. खरा प्रश्न वेगळा असतो. चार ठिकाणचे चार चांगले भाग एकत्र आणले की त्यांच्या सांध्यावर नवे प्रश्न उभे राहतात, आणि ते सोडवायला वेळ, गोळ्या आणि तक्रारी ऐकणारा कान लागतो.

एक सांधा पाहा. मागचं साइट (नेम धरायची मागची खूण) इन्सासमध्ये वरच्या झाकणाच्या मागच्या टोकाशी आहे. मागच्या साइटपासून पुढच्या साइटपर्यंतचं अंतर त्यामुळे वाढतं, नेम जास्त बारीक धरता येतो. मूळ कलाश्निकोव्हमध्ये हे साइट पुढे, बॅरलच्या जवळ असतं आणि हे अंतर आखूड पडतं. पण झाकण हा पातळ पत्र्याचा, साफसफाईसाठी रोज काढायचा-घालायचा भाग आहे. तो प्रत्येक वेळी केसभरही न हलता त्याच जागी बसला पाहिजे, नाहीतर साफ केलेल्या रायफलीचा नेम कालच्यापेक्षा वेगळा. हे जमवणं आराखड्याच्या कागदावर एका रेघेचं काम आहे. कारखान्यात ते पत्रा दाबणाऱ्या साच्याच्या झिजेवर, खाचेच्या मापावर आणि तपासणाऱ्या माणसाच्या चिकाटीवर अवलंबून असतं, आणि लाखभर नगांत ते टिकवायचं असतं.

तीन गोळ्यांचा चाप

इन्सासच्या निवडकावर, म्हणजे माऱ्याचा प्रकार ठरवणाऱ्या खटक्यावर, सुरक्षित, एकेरी आणि तीन गोळ्यांचा बर्स्ट (चापाच्या एका ओढीत तीन गोळ्या) अशा जागा होत्या. सलग स्वयंचलित मारा रायफलीला दिलाच नाही, तो एलएमजीचं काम मानला. यामागे व्हिएतनामचा धडा होता. घाबरलेला शिपाई चाप दाबून धरतो, मॅगझिन काही सेकंदांत रिकामं होतं, आणि गोळ्या आकाशात जातात. अमेरिकेनेही याच कारणाने एम-१६ए२ ला तीन गोळ्यांचा बर्स्ट दिला होता.

यांत्रिकदृष्ट्या बर्स्ट ही महागडी सोय आहे. एकेरी माऱ्याच्या चापात मोजके भाग असतात. बर्स्टसाठी मोजणारा भाग लागतो: दातेरी चाक, त्याला अडकवणारी खिट्टी, एक जास्तीची स्प्रिंग. प्रत्येक गोळीबरोबर चाक एक दात पुढे सरकतं आणि तिसऱ्या दातावर हॅमर अडतो. दात घासला, खिट्टी तेलाच्या चिकट थरात अडकली किंवा स्प्रिंग ढिली पडली की मोजणी चुकते. इन्सासबद्दलची एक नेहमीची तक्रार हीच होती की बर्स्टवर लावलेली रायफल तीनवर न थांबता पुढे चालत राहते. कागदावरच्या विचारातून जन्मलेल्या सोयीने युद्धात नवा बिघाड आणला. पुढे अमेरिकन सैन्यही बर्स्ट सोडून एम-४ए१ मध्ये सलग माऱ्याकडे परतलं. म्हणजे हा अंदाज एकट्या पाषाणचा चुकला नव्हता.

भावंडं का वेगळी पडतात

आता कुटुंबाच्या मूळ कल्पनेकडे येतो. प्रकरणाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो.

रायफल, एलएमजी आणि कार्बाइन यांची कामं वेगळी, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांचे शत्रू वेगळे. एलएमजीचा शत्रू उष्णता. सेक्शन पुढे सरकत असताना शत्रूचं डोकं खाली ठेवायचं म्हणजे मिनिटामागून मिनिटं मारा चालू ठेवायचा. बॅरल तापतं, पसरतं, नेम सैल होतो, आणि फारच तापलं तर चेंबरमध्ये बसलेली गोळी चाप न ओढता सुटू शकते. म्हणून खऱ्या मशिनगनला जाड बॅरल, गोळ्यांच्या पट्ट्यातून पुरवठा आणि पटकन बदलता येणारं बॅरल देतात. जुन्या ब्रेनचं बॅरलही काही सेकंदांत बदलता येत असे. इन्सास एलएमजीला रायफलीपेक्षा लांब आणि जाड बॅरल, बायपॉड (दोन पायांची टेकण) आणि सलग मारा मिळाला, पण पुरवठा ३० गोळ्यांच्या मॅगझिनमधूनच राहिला. रायफलीशी नातं टिकवलं, त्याची ही किंमत. ब्रिटनच्या एसए-८० कुटुंबातली मशिनगन एल-८६ नेमकी याच दगडाला ठेचकाळली, आणि अखेर त्यांनी पट्ट्यावर चालणारी बेल्जियन मिनिमी घेतली.

कार्बाइनचा शत्रू वेगळा: आखूडपणा. ५.५६×४५ ची दारू साधारण अर्धा मीटर लांबीच्या बॅरलमध्ये जळावी अशा हिशेबाने भरलेली असते. इन्सास रायफलीचं बॅरल ४६४ मिमी, म्हणजे या हिशेबाच्या जवळ. कार्बाइनसाठी ते बरंच कापलं की दारूचा काही भाग नळीच्या तोंडाबाहेर जळतो. डोळे दिपवणारा भडका, बंद खोलीत कान बधिर करणारा आवाज, गोळीचा वेग कमी. त्याहून अवघड म्हणजे वायूचा हिशेब. गोळी वायूच्या छिद्रापुढे गेल्यावर बॅरल सोडेपर्यंतच्या क्षणभरात पिस्टनला पुरेसा धक्का मिळायला हवा. बॅरल आखूड झालं की तो क्षण आणखी लहान होतो. मग छिद्र मोठं करा, ते मागे सरकवा, स्प्रिंग बदला, बोल्टचं वजन बदला. प्रत्येक बदलागणिक 'सामाईक भाग' कमी होत जातात.

इन्सास कुटुंबात नेमकं हेच घडलं. रायफल पुढे गेली. एलएमजी तिच्या मागोमाग आली. कार्बाइन अडकली ती अडकलीच. लष्कराला पटेल अशी ५.५६×४५ ची इन्सास कार्बाइन कधी ठरलीच नाही, आणि स्टर्लिंगच्या घराण्यातली जुनी ९ मिमी कार्बाइन जवानांच्या खांद्यावर दशकानुदशकं राहिली. एआरडीईने शेवटी कार्बाइनसाठी वेगळंच, लहान काडतूस घेतलं, ५.५६×३०. त्यातून जेव्हीपीसी (जॉइंट व्हेंचर प्रोटेक्टिव्ह कार्बाइन) नावाचं शस्त्र घडलं, सुमारे तीन किलोचं, १०० मीटरच्या पुढे मारा करणारं. ते बनतं कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत आणि त्याच्या गोळ्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. शस्त्र म्हणून ते चांगलं ठरलं. पण 'एकच काडतूस' हे कुटुंबाचं मूळ सूत्र तिथेच तुटलं.

वाट पाहणारे जवान

रायफलीच्या चाचण्या १९८० च्या दशकात झाल्या आणि १९९० मध्ये ती स्वीकारली गेली. पण स्वीकारणं आणि मिळणं यात बरंच अंतर होतं. पंजाब आणि काश्मीरमध्ये त्याच वर्षांत समोरच्या हातात एके-४७ दिसू लागली होती, आणि आपले लोक बोल्ट ओढून एकेक गोळी झाडणाऱ्या .३०३ नी तिला तोंड देत होते. मग १९९० ते १९९२ च्या दरम्यान परदेशांतून, मुख्यतः पूर्व युरोपातून, सुमारे एक लाख एके जातीच्या रायफली आणल्या गेल्या. तात्पुरती सोय म्हणून. माझ्या मते इन्सासचं भवितव्य या खरेदीने बरंचसं ठरवलं. जवानाने एके हाताळली, चिखलात टाकली, उचलली, चालवली. त्याच्या मनातलं मोजमाप तिथे पक्कं झालं, आणि इन्सास आली तेव्हा तिची तुलना एसएलआरशी होण्याऐवजी एकेशी होऊ लागली.

दुसरा खोळंबा गोळ्यांचा. नवं काडतूस म्हणजे नवे साचे, नवी पितळी पुंगळी, नवी दारू, नव्या चाचण्या. ५.५६ च्या गोळ्या देशात पुरेशा बनेपर्यंत इस्रायलकडून मोठ्या प्रमाणात घ्याव्या लागल्या. आपल्याकडे भुसावळजवळच्या वरणगावच्या आयुध निर्माणीवर पुढे या काडतुसांची मोठी भिस्त राहिली. १९९७ पर्यंत रायफल आणि एलएमजी मोठ्या प्रमाणात बनवण्याजोग्या झाल्या, १९९८ च्या प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात इन्सास देशाने पाहिली, आणि पुढच्याच वर्षी कारगिल आलं.

कारगिलची थंडी

१९९९ च्या उन्हाळ्यात द्रास, मश्कोह, बटालिकच्या कड्यांवर लढाई झाली ती पाच हजार मीटरच्या आसपास. रात्रीची चढाई, दगड, गोठणारा घाम. इन्सासची सार्वजनिक ओळख इथे ठरली. तक्रारी आल्या त्या अशा: थंडीत प्लास्टिकची मॅगझिनं तडकतात, रायफल जॅम होते, बर्स्ट तीनवर थांबत नाही, आणि गोळी झाडताना तेलाचे थेंब डोळ्यात उडतात.

प्रत्येक तक्रारीमागे साधं कारण सापडतं. प्लास्टिक एका ठरावीक तापमानाखाली लवचीकपणा सोडून काचेसारखं वागू लागतं. ते तापमान कुठे यावं हे मिश्रणावर आणि साच्यात ओतताना पाळलेल्या शिस्तीवर ठरतं. मॅगझिनचे ओठ, म्हणजे गोळी अडवून धरणाऱ्या वरच्या दोन कडा, हा सगळ्यात ताणाचा भाग. दगडावर आपटलं की तडा तिथेच जातो, आणि ओठ एक मिलिमीटर जरी पसरला तरी गोळी तिरकी चढते. थंडीत तेलही घट्ट होतं. मैदानी प्रदेशात सवयीने लावलेला तेलाचा जाड थर तिथे पिस्टनला चिकटून बसतो, आणि बंदूक तापली की पातळ होऊन फटींतून मागे उडतो, तोंडासमोर. त्यात थंडीत दारू थोडी सावकाश जळते, दाब कमी येतो, आणि पिस्टनला जोर हवा असतो नेमका तेव्हाच मिळत नाही. गॅस रेग्युलेटर अशाच वेळेसाठी असतो. तो कधी, किती फिरवायचा हे जवानाच्या हाताला आधीपासून माहीत असायला हवं. नवी रायफल हाती येऊन फार दिवस झाले नसतील तर ते कुठून येणार?

या तक्रारी रायफल 'मुळातच टाकाऊ' असल्याचं सिद्ध करत नाहीत. त्यांतली प्रत्येक दुरुस्त होण्यासारखी होती. २००१ च्या सुमारास १बी१ ही सुधारित आवृत्ती आली. जॅम होण्यावर तिचा रोख होता, पण मॅगझिन तुटण्याच्या तक्रारी थांबल्या नाहीत. रायफली बनत होत्या ईशापूर, कानपूर आणि तिरुचिरापल्लीच्या कारखान्यांत. नव्या आणि जुन्या आवृत्त्या एकाच पलटणीत एकत्र फिरत राहिल्या. एखाद्याच्या हातातली इन्सास वर्षानुवर्षं न अडखळता चालायची, शेजारच्याची दर सरावात अडायची. दोघेही खरं सांगत असायचे.

नेपाळने तर गोष्ट आंतरराष्ट्रीय केली. भारताने माओवादी बंडाच्या काळात नेपाळी सेनेला इन्सास दिल्या होत्या. ऑगस्ट २००५ मध्ये कालिकोट जिल्ह्यातल्या पिली इथे रात्रभर चाललेल्या हल्ल्यात नेपाळचे ४३ सैनिक मारले गेले, आणि सेनेच्या प्रवक्त्यांनी दीर्घ माऱ्यात रायफली बंद पडल्याचं जाहीर सांगितलं. भारतीय दूतावासाने वापर आणि देखभालीकडे बोट दाखवलं आणि प्रशिक्षणाची तयारी दर्शवली. दोन्ही बाजूंत थोडं थोडं तथ्य असणार. पण ४३ घरांत गेलेल्या निरोपासमोर 'वापरणाऱ्याची चूक' हे उत्तर फार तोकडं आहे. रायफल आखणाऱ्याने थकलेला, घाबरलेला, अपुरं शिकलेला माणूस गृहीत धरायचा असतो, कारण युद्धात बहुतेक वेळा तोच असतो.

ब्रिटनने काय केलं

इथे एसए-८० शी तुलना टाळता येत नाही, कारण दोन्ही रायफली जवळपास जुळ्या दुर्दैवाच्या. ब्रिटनच्या एसए-८० कुटुंबातली रायफल, एल-८५ए१, १९८५ मध्ये सैन्यात आली. १९९१ च्या आखाती युद्धातल्या वाळूत ती अडखळली. मॅगझिनची कळ चुकून दाबली जाऊन मॅगझिन गळून पडायचं, प्लास्टिकचे भाग डास-कीटक पळवणाऱ्या लोशनने विरघळायचे, गोळ्या अडकायच्या. वृत्तपत्रांत टिंगल झाली, जवानांनी शिव्या दिल्या. कारखान्याचीही उलथापालथ त्याच काळातली: एनफिल्डचा शतकाहून जुना कारखाना १९८८ मध्ये बंद होऊन उत्पादन नॉटिंगहॅमला गेलं.

पुढे फरक पडला. २००० च्या सुमारास ब्रिटनने हेकलर अँड कॉखला, जी तेव्हा ब्रिटिश मालकीची होती, हे काम दिलं. बोल्ट, एक्स्ट्रॅक्टर, फायरिंग पिन, हॅमर, वायूचे भाग, मॅगझिन, सगळं नव्याने आखलं गेलं. सुमारे दोन लाख शस्त्रं परत बोलावून बदलली. खर्च ९.२ कोटी पौंड. बाहेरून तीच दिसणारी, आतून बरीच वेगळी एल-८५ए२ तयार झाली. सुरुवातीला अफगाणिस्तानातून तिच्याबद्दलही तक्रारी आल्या, पण नंतर तिने भरवसा कमावला आणि पुढच्या ए३ आवृत्तीपर्यंत ती टिकली.

इन्सासच्या वाट्याला असा एकगठ्ठा दुसरा जन्म आला नाही. माझा या प्रकरणातला मुख्य निष्कर्ष एवढाच आहे. आराखडा आखणारी संस्था एका खात्यात, कारखाने दुसऱ्या मंडळाखाली, वापरणारं सैन्य तिसरीकडे. बिघाडाची नोंद पलटणीतून निघून पाषाणच्या ड्रॉइंग बोर्डावर, तिथून ईशापूरच्या साच्यावर आणि तिथून परत त्याच पलटणीत पोचली पाहिजे. ही फेरी जितक्या वेळा पूर्ण होते तितकी रायफल चांगली होते. एके-४७ सुद्धा पहिल्या फेरीत चांगली नव्हती. सुरुवातीची पत्र्याची बॉडी नीट बनेना म्हणून सोव्हिएतांना काही वर्षं ती लोखंडाच्या ठोकळ्यातून कोरून काढावी लागली, आणि पत्रा जमला तो १९५९ च्या एकेएममध्ये.

एकेका तक्रारीला एकेक खरेदी

फेरी तुटली की दुकान उघडतं. २०११ मध्ये लष्कराने ६६ हजार बहु-कॅलिबर रायफलींसाठी निविदा काढली. बॅरल बदलून ५.५६ आणि ७.६२×३९ दोन्ही चालवणारी रायफल हवी होती. परदेशी कंपन्या चाचण्यांना उतरल्या, एकही पसंतीस उतरली नाही, आणि २०१५ मध्ये निविदा रद्द झाली. एआरडीईनेही स्वतःची बहु-कॅलिबर रायफल २०१४ च्या संरक्षण प्रदर्शनात मांडली होती. दरम्यान केंद्रीय राखीव पोलीस दलाने नक्षलग्रस्त भागातल्या तुकड्यांसाठी इन्सासऐवजी एके मागितल्या आणि त्या मिळाल्याही.

इन्सासचा सुधारित अवतार म्हणून एक्सकॅलिबर आली: आखूड बॅरल, घडीचं बट, वर साइट लावायला रेल, आणि अखेर सलग मारा. इन्सासच्या बहुतेक जुन्या तक्रारींना तिच्यात उत्तर होतं. पण तोवर लष्कराची मागणीच बदलली होती. आता हवी होती जोरदार ७.६२×५१, एका गोळीत माणूस पाडणारी. म्हणजे एसएलआरचं काडतूस! ईशापूरने त्या काडतुसाची रायफल करून दाखवली, ती २०१७ मध्ये चाचण्यांत नापास झाली.

मग फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकन सिग सॉअरकडून ७२,४०० सिग-७१६ रायफली, २०२४ मध्ये आणखी ७३ हजार. मार्च २०१९ मध्ये अमेठीजवळच्या कोरव्यात भारत-रशिया संयुक्त कारखान्याचं उद्घाटन, आणि डिसेंबर २०२१ मध्ये ६,०१,४२७ एके-२०३ चा करार, काडतूस ७.६२×३९. एलएमजीसाठी मार्च २०२० मध्ये इस्रायलच्या १६,४७९ नेगेव्ह, ७.६२×५१ च्या.

आजचं कोत उघडलं तर काय दिसेल? ५.५६×४५ च्या इन्सास, ७.६२×३९ च्या एके, ७.६२×५१ च्या सिग आणि नेगेव्ह, आणि कुठेतरी जुनी ९ मिमी कार्बाइन. ज्या गोंधळातून सुटण्यासाठी इन्सास जन्मली, त्याहून मोठा गोंधळ. यातल्या प्रत्येक खरेदीमागे त्या त्या वेळी पटण्यासारखं कारण होतं, आणि ती करणारे अधिकारी आपल्या जवानाच्या जिवाचाच विचार करत होते. तरी आकडे मांडले की वाईट वाटतं.

पाषाणचं काम मात्र थांबलेलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये एआरडीईने हैदराबादच्या द्वीपा आर्मर या खासगी कंपनीबरोबर ७.६२×५१ ची 'उग्रम' रायफल पुण्यात सादर केली. आयुध निर्माणी मंडळ ऑक्टोबर २०२१ मध्ये मोडून सात कंपन्या झाल्या, त्यांतली रायफलींची कंपनी कानपूरला आणि दारूगोळ्याची पुण्यात. आखणारा आणि बनवणारा यांच्यातली जुनी भिंत निदान कागदावर सरकली आहे.

आणि ते तिसरं भावंड. २०२५ मध्ये लष्कराने सुमारे सव्वाचार लाख कार्बाइनसाठी मागवलेल्या बोलींत सगळ्यात कमी बोली ठरली ती एआरडीईच्या आराखड्याची आणि पुण्याच्याच भारत फोर्जने बनवायची. तिचं काडतूस ५.५६×४५ आहे, तेच, ज्याच्यासाठी चाळीस वर्षांपूर्वी पाषाणमध्ये इन्सास कार्बाइनची पहिली रेघ ओढली गेली होती.